राजाक्का डॉट इन

रविवारी सदलग्यांच्या घरी माणसं जमली ती चटणीचं नाव ठरवायला, आणि जिची चटणी ती आत भाकऱ्या थापत बसली होती. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घर जैनाचं, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायला हवीत, आणि आज पंगतीला बेळगावहून आलेली तिची लेक ब्राह्मी धरून सगळेच होते. तेव्हा राजश्रीनं तवा चढवला आणि कान तेवढे बाहेरच्या सोप्यात ठेवले.

तिची चटणी म्हणजे कांदा-लसणाचा वाराही न लागलेली लाल चटणी. संकेश्वरी मिरची, तीळ, सुकं खोबरं, धणे आणि वरून हिंग, सगळं कांडपाच्या डंकावर स्वतः उभं राहून कुटून घेतलेलं. आधी ती शेजारणींनी नेली, मग बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, येणाऱ्या बायकांनी, मग कुणाच्या तरी पिशवीतून ती बेळगावच्या प्रदर्शनात पोचली. आता पुण्याच्या एका दुकानानं ठेवायचं कबूल केलं होतं, पण पाकिटावर वेबसाइटचा पत्ता हवा अशी अट घातली होती. लेबलं छापणारा सकाळपासून फोन करून विचारत होता. संध्याकाळपर्यंत पत्ता कळवा, नाहीतर उद्या मशीन दुसऱ्याच्या कामाला लागेल, एवढं सांगून तो मोकळा झाला होता.

पत्ता कळवायचा तर आधी तो घ्यायला हवा, आणि घ्यायचा तर नाव ठरायला हवं. आणि नाव ठरवणं हे काम सदलग्यांना कधी जमलेलं नव्हतं. ब्राह्मीच्या बारशाला पोर पाळण्यात घातल्यावरही आत्यांची भांडणं चाललीच होती.

महिन्यापूर्वी तर हातातोंडाशी आलेला घास गेला होता. ‘निपाणी चटणी’ हे नाव मोकळं होतं आणि घरात सगळ्यांना पटलंही होतं. पण राजश्रीचे थोरले दीर आप्पाण्णा म्हणाले, अमावस्या होऊन जाऊ दे, चांगल्या दिवशी घेऊ. एवढ्यावर थांबते तरी बरं होतं. थोरल्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही ही घरची रीत, म्हणून त्यांनी ते नाव भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सांगली-इचलकरंजीपासून हुक्केरीपर्यंतच्या सगळ्या सदलग्यांनी हात जोडून, फुलं टाकून आशीर्वाद दिले. चांगला दिवस उजाडला तेव्हा नाव गेलेलं होतं. भावकीतल्याच कुणीतरी घेतलं असं ब्राह्मी म्हणाली, त्यावर आप्पाण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून राजश्री मोबाईल वाजला तरी दचकायची. रात्री झोपेत दुकानवाला नको म्हणताना दिसायचा.

“इचार कसला करायचा त्यात?” सोप्यातनं आप्पाण्णांचा आवाज आला. “सदलगे बंधू. बाबांच्या वखारीवर हाच बोर्ड हुता. निप्पाणीत अजून जुनी माणसं नाव काढत्यात.”

तंबाखूची ती वखार बंद होऊन कैक वर्षं लोटली होती आणि तो बोर्ड माळ्यावर उलटा पडला होता. पण आप्पाण्णांच्या लेखी ती वखार कधी बंद झालीच नव्हती. घरातल्या कशालाही नाव द्यायचं झालं की तोच बोर्ड त्यांच्या डोळ्यांपुढं यायचा. गोठ्यालासुद्धा त्यांनी तो एकदा लावून बघितला होता.

ब्राह्मीनं विचारलं, यातले बंधू कोण, आणि मिरची उन्हात घालायला त्यांतला कुठला बंधू जातो. पोरीची जीभ आधीच लांब, त्यात बेळगावला अनगोळात खोली घेऊन राहायला लागल्यापासून तिला धारही आली होती. वृषभनं, म्हणजे तिच्या बापानं, बोलायची काही रीत आहे की नाही म्हणून तिला दटावलं. वृषभचं घरातलं काम हेच होतं. एकीकडं कुणाला तरी दटावायचं आणि दुसरीकडं “अण्णा म्हणतोय तसं” म्हणायचं. इतक्या वर्षांच्या संसारात राजश्रीनं त्याच्या तोंडून थोरल्या भावासमोर तिसरं वाक्य ऐकलं नव्हतं.

मग सौरव बोलला. सौरव हा आप्पाण्णांचा एकुलता एक. पुण्याची नोकरी सुटून घरी येऊन बसला होता, आणि बसला होता म्हणजे खरोखर बसलाच होता, लॅपटॉप मांडीवर घेऊन. त्यानं शोधून सांगितलं की सदलगे बंधू डॉट इन मोकळं आहे.

“माझ्याच अकाउंटवर घेऊन टाकतो,” तो म्हणाला. “काकूला कशाला उगं तरास.”

राजश्रीचा हात परातीत थांबला. ब्राह्मीनं तिला आठवडाभर फोनवर हेच पढवलं होतं. आई, नाव काय ठेवायचं ते ठेवा, पण ते ज्याच्या खात्यात असतं तो त्याचा मालक. तो ते बंद करू शकतो, विकू शकतो, दुसरीकडं वळवू शकतो. तुझ्या चटणीला गिऱ्हाईक त्या दारातनं येणार, आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

सौरव वाईट मुलगा नव्हता. लहानपणी आईच्या आधी काकूच्या मांडीवर येऊन बसायचा. पण तिनं या घरात बघितलं होतं की काम एकाचं असतं आणि हळूहळू ते घराचं होतं, आणि घराचं झालं की ते थोरल्याचं होतं. कुणी हिसकावून घेत नाही. सगळं प्रेमानं होतं. वृषभनं एकदा स्टेशनरीचं दुकान काढलं होतं, त्याचंही असंच झालं, आणि शेवटी ते बंद करायचं ठरलं तेव्हा वृषभला फक्त कळवण्यात आलं. चटणीचंही तसंच होईल. गल्ल्यावर सौरव बसेल, नाव वखारीचं लागेल, आणि ती डंकावर उभी राहून शिंकत राहील.

तेवढ्यात रुक्माबाई आत आल्या. सोप्यात मीठ कशाला लागतं कोण जाणे, पण मीठ न्यायला म्हणून आल्या आणि दार ओढून घेतलं. थोरली जाऊ, सौरवची आई, राजश्री त्यांना आक्का म्हणायची.

“राजश्री, एक बोलू?” त्या हळूच म्हणाल्या. “नाव कुणाचं बी असू दे. मला त्यातलं काय कळत न्हाय. पर सौरवला कायतरी धरून उभं ऱ्हाऊ दे. पोरगं रातीचं झोपत न्हाय गं. दिवसभर त्या डब्याकडं बघत बसतंय. पोरी बघायला गेलं की पयलं इचारत्यात, करतो काय.”

राजश्रीला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. आक्कांनीच तिला बाळंतपणात न्हाऊमाखू घातलं होतं. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “बघूया आक्का.”

“बघूया म्हंजे न्हाय,” आक्का म्हणाल्या. “मी वळखते तुला.” आणि मीठ न घेताच बाहेर गेल्या.

सोप्यात आता दोन पक्ष पडले होते आणि नावांचा नुसता पाऊस चालला होता. निपाणी नाव घातलं तर बेंगळूरचं गिऱ्हाईक विचारेल हे कुठं आलं, असं सौरवचं म्हणणं. बेळगाव घातलं तर स्पेलिंग कुठलं आणि कोण काय बोलेल म्हणून वृषभ घाबरणार. सीमेवरच्या माणसाला गावाचं नाव उच्चारायचं तरी आधी आजूबाजूला बघावं लागतं. आप्पाण्णा फिरून फिरून बंधूंवरच येत होते. आणि या सगळ्यात उन्हं कलायला लागली होती. जेवायच्या वेळेपर्यंत ठरलं नाही, तर जेवणानंतर काय ठरणार? भरल्या पोटी सदलगे फक्त उद्यावर ढकलतात.

राजश्रीनं हात धुतले, पदर सारखा केला आणि ती दारात येऊन उभी राहिली.

आत मात्र आली नाही. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, थेट बोलायचं तर नाहीच, ही चाल तिच्या सासूच्या वेळची. सासू गेली, डोक्यावरचा पदर गेला, दारात फटफटी जाऊन गाडी आली, पण ही चाल तशीच राहून गेली होती. काही सांगायचं तर ती नवऱ्याला किंवा पोरीला सांगायची आणि आप्पाण्णा तिथंच बसून ते ऐकायचे. उत्तरही ते भिंतीकडं बघून द्यायचे.

“ब्राह्मी,” ती म्हणाली, “मोठ्या आप्पास्नी सांग. लोक मला राजाक्का म्हणत्यात, राजाक्काची चटणी म्हणून मागत्यात. बस्तीतल्या बायका तेच म्हणत्यात, प्रदर्शनात बी तेच म्हटलं. तेच नाव घालायचं. आन ते माझ्या नावावर घ्यायचं. माझ्या खात्यातनं.”



आप्पाण्णांनी भिंतीकडं बघितलं. “म्हंजे घराचं नाव नगो,” ते म्हणाले.

आता वृषभनं बोलायचं होतं, आणि काय बोलायचं ते सगळ्यांना पाठ होतं. त्यानं सुरुवातही केली. “अण्णा म्हणतोय तसं...” आणि थांबला. बायकोकडं बघितलं. तिच्या मनगटाला अजून पीठ होतं. मग तो पोरीकडं वळला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, “बघ गं जरा, मोकळं हाय का ते नाव.”

आप्पाण्णा धाकट्या भावाकडं बघतच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, चप्पल न घालताच बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. रुक्माबाई त्यांच्यामागं दोन पावलं गेल्या आणि उंबऱ्यात थांबल्या.

सौरवनं नाव टाकून बघितलं. राजाक्का डॉट इन मोकळं होतं. त्यानं लॅपटॉप ब्राह्मीच्या पुढं सरकवला. ब्राह्मीनं आईच्या नावानं खातं उघडलं, आईच्या बँकेच्या कार्डावरचे आकडे वाचून भरले. राजश्री आपला मोबाईल मुठीत घट्ट धरून उभी होती. ओटीपी येईल म्हणून ब्राह्मीनं बजावून ठेवलं होतं.

मोबाईल वाजला. पण तो बाहेर, कट्ट्यावर.

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग वृषभनं कपाळाला हात लावला. बँकेत खातं काढलं तेव्हा घरात एकच मोबाईल होता, आप्पाण्णांचा. साहेबानं नंबर विचारला, आप्पाण्णांनी सांगितला. गॅसला तोच, रेशनला तोच, विजेच्या बिलाला तोच, सगळ्यांच्या आधारला तोच. पुढं घरात प्रत्येकाचा मोबाईल आला, पण नंबर बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आप्पाण्णांनाही ते आवडत असावं. कुणाचंही काही काम निघालं की चष्मा लावून ते आकडा वाचून दाखवायचे आणि घर लिहून घ्यायचं. सिलिंडर आणणारा पोरगासुद्धा दारात येऊन आधी आप्पाण्णांना हाक मारायचा.

“माझ्या कार्डावरनं टाकतो काकू,” सौरव म्हणाला. तो खरंच मदतीला म्हणाला होता. “नंतर बघू.”

“नाहीतर माझ्या,” ब्राह्मी म्हणाली. “आई, हट्ट करू नको. वेळ नाही, तो छापखानावाला...”

“नगो,” राजश्री म्हणाली.

का नको ते तिला नीट सांगता आलं नसतं. आज लेकीच्या कार्डावरनं घेतलं तरी चालण्यासारखं होतं. पण मग आयुष्यभर ती अशीच कुणाच्या तरी आडून बोलत राहिली असती. आणि दुसरं भय होतंच. मागच्या खेपेसारखं हे नावही डोळ्यांदेखत गेलं तर? मोबाईल ब्राह्मीच्या हातात देऊन ती सोपा ओलांडून, रुक्माबाईंच्या अंगावरून, कट्ट्यावर आली.

आप्पाण्णा मोबाईल तळहातावर ठेवून बसले होते. चष्मा कपाळावर होता.

“भावजी,” ती म्हणाली.

त्यांनी मागं बघितलं नाही. “वृषभ कुठं हाय?” त्यांनी रस्त्याला विचारलं.

“आत हायत. मीच आलेय. तुमच्या मोबाईलवर आकडा आलाय, तेवढा सांगा.”

“आलाय,” ते म्हणाले, आणि वाचला नाही.

पुढच्या गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल गेली. ती पार दिसेनाशी झाल्यावर आप्पाण्णा बोलले. “आमच्या बाळूकाकानं सवता बोर्ड लावला ते तुला सांगितलं असंल तुझ्या सासूनं. दिवाळीला बोर्ड लागला आन गुढीपाडव्याला अंगणात भिंत आली. त्यानं बी बाबास्नी म्हटलंतं, नाव तेवढं येगळं, घर एकच. हितंच, ह्याच कट्ट्यावर म्हटलंतं. मी शेजारी उभा हुतो. तू बी आता तेच म्हणणार.”

राजश्री अगदी तेच म्हणायला आली होती. नाव तेवढं वेगळं, घर एकच. हे वाक्य तिनं सोप्यातून इथवर येईपर्यंत मनाशी जुळवून ठेवलं होतं. आता ते तोंडातच विरलं.

“म्हणणार हुते,” ती म्हणाली. “आता न्हाय म्हणत. फुडं काय हुईल ते मला ठावं न्हाय, भावजी. मला बी भ्या वाटतंय. रातीला झोप न्हाय. पर चटणी माझी हाय.”

“आन सौरव?”

यावेळी त्यांनी तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांचा चेहरा असा समोरून बघत होती. तिला वाटलं होतं त्याहून तो म्हातारा होता, आणि तोही झोपलेला दिसत नव्हता.

“सौरवला काम हाय माझ्याकडं,” ती म्हणाली. “पार्सलं, फोन, पुण्याचं दुकान. मला एकटीला झेपायचं न्हाय ते. नोकर म्हणून न्हाय ठेवायची त्याला.” पुढचा शब्द सापडायला तिला वेळ लागला. “पर मालक म्हणून बी न्हाय.”

उंबऱ्यात रुक्माबाईंनी पदर तोंडाला लावला. ते बरं वाटून की वाईट, हे राजश्रीला कळलं नाही, आणि वळून बघायचं धैर्यही तिला झालं नाही.

“आई,” आतून ब्राह्मीचा रडकुंडीला आलेला आवाज आला, “वेळ संपली गं. पैसे गेलेच नाहीत.”

आप्पाण्णांना फक्त गप्प बसायचं होतं. आणखी थोडा वेळ ते गप्प बसले असते, तर दिवस बुडाला असता, जेवणाची हाक आली असती, छापखान्याचं मशीन दुसऱ्याचं झालं असतं आणि उद्या सगळ्यांनी मिळून सदलगे बंधूच घेतलं असतं. कुणी त्यांना बोललंही नसतं. हे त्यांनाही कळत होतं. ते मोबाईलकडं बघत बसले.

मग त्यांनी चष्मा खाली घेतला, आणि परत वर ढकलला.

“हा शिळा झाला,” ते म्हणाले. “पोरीला म्हणावं दुसरा मागीव.”

“ब्राह्मी, दुसरा मागीव,” राजश्री आत ओरडली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

मोबाईल वाजला. आप्पाण्णांनी तो तिच्यापुढं धरला. “वाच तूच. मला बारीक दिसत न्हाय,” ते म्हणाले. रोज सकाळी अख्खा पेपर, निधनवार्तांसकट, वाचणारा माणूस. राजश्रीनं मोबाईल त्यांच्या हातातच राहू दिला आणि वाकून एकेक आकडा मोठ्यानं वाचला. आतून ब्राह्मी तो परत म्हणत होती. शेवटच्या आकड्यानंतर राजश्रीनं कट्ट्याचा खांब धरला.

“झालं,” ब्राह्मी म्हणाली. “आई, झालं. तुझं झालं.”

वृषभ छापखानावाल्याला फोनवर एकेक अक्षर सांगायला लागला. सौरवनं काहीतरी दुरुस्त केलं, त्यावर ब्राह्मी हसली. रुक्माबाई ताटं घ्यायला आत गेल्या. राजश्रीनंही जायला हवं होतं, भाकऱ्या गार होत होत्या.

“राजश्री,” आप्पाण्णा म्हणाले. त्यांनी तिला अशी नावानं हाक आजवर मारली नव्हती. “उद्या बँकेत जा. तुजा नंबर घाल तितं. गॅसचा बी बदला, रेशनचा बी. समद्यांचं ज्याचं त्याच्याकडं असू दे. मी कुठवर वाचून दावायचं.”

आवाजात राग नव्हता. पण बाळूकाकाच्या भिंतीची पहिली वीट ती हीच, हे तिला समजलं, आणि ती मागायला आपणच इथवर चालत आलो हेही समजलं. ‘नगो भावजी, हाय तसं ऱ्हाऊ द्या,’ असं म्हणायची ही वेळ होती. थोरल्यानं असं काही म्हटलं की धाकट्या सुनेनं हेच म्हणायचं असतं, आणि आप्पाण्णाही ते ऐकायलाच थांबले होते. मोबाईल त्यांनी अजून तसाच पुढं धरला होता.

“जाते,” ती म्हणाली.